सोंगांची बोली बंद पडली ते वर्ष: हरसूल पट्ट्यातल्या एका बोहाड्याचं प्रकरण

बोहाड्यात, म्हणजे मुखवटे चढवून रात्रभर सोंगं नाचवायच्या उत्सवात, रावण खरं तर मध्यरात्र उलटल्यावर निघतो. 2024 च्या एप्रिलमध्ये त्याला पावणेनऊलाच बांधून तयार केलं, कारण परवानगी दहापर्यंतची होती. दहा तोंडांचा सांगाडा धोतरानं छातीला आणि कमरेला आवळलेला, आत माणूस घामाघूम, संबळवाल्यानं रावणाची चाल धरलेली. आणि सोंग जागचं हलेना. पुढे टेंभे धरायला कुणी नव्हतं.

टेंभे मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर चिंध्या गुंडाळून पडले होते. तेलाचा डबा फोडलेलासुद्धा नव्हता. समोर नाशिकहून आलेले पाहुणे मोबाइल वर धरून खुर्च्यांवर बसलेले. आमचा निवेदक माइकवर ‘थोड्याच वेळात’ असं चौथ्यांदा म्हणाला, तेव्हा आमच्यातल्या दोघांनी, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि मी, टेंभे उचलले. वीस-पंचवीस पावलं गेलो असू. टेंभा कुठं धरायचा हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. रावण पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर गेला. डावीकडची दोन तोंडं चेपली. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

गावाचं नाव देत नाही. त्र्यंबकेश्वराहून हरसूलच्या बाजूला गेलं की डोंगराच्या कुशीत जे पाडे लागतात त्यांतलं एक, एवढं पुरे. कोकणा आणि वारली घरं जास्त, थोडे महादेव कोळी. पावसाळ्यात भात, नागली, वरई, वरकस जमिनीवर खुरासणी. दिवाळी उलटली की निम्मं गाव टोळ्या करून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. पाऊस इथं धो धो पडतो आणि एप्रिलमध्ये बायकांना हंडाभर पाण्यासाठी विहिरीच्या तळाशी उतरावं लागतं. या पट्ट्यात ज्यानं उन्हाळा पाहिलाय त्याला याचं नवल वाटणार नाही.

आम्ही म्हणजे नाशिक शहरातले सात-आठ जण. दोन शिक्षक, एक फोटोग्राफर, एक आर्किटेक्ट, वर सांगितलेले काका, असे. संस्था नाही, नोंदणी नाही, मानधनाचा प्रश्नच नाही. लोककलेची आवड आणि शनिवार-रविवार मोकळा, एवढंच भांडवल.

बोहाडा कसा चालतो

बोहाडा म्हणजे सोंगांची रात्र. कुणी भोवाडा म्हणतं, कुणी भवाडा. होळीनंतर अक्षय्य तृतीयेच्या आगेमागेपर्यंत नाशिकच्या पश्चिम डोंगरात आणि पलीकडे पालघरच्या जव्हार-मोखाड्यात गावोगाव होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे. आधी गणपती, मग सरस्वती, मग एकामागून एक मारुती, खंडेराव, त्राटिका, नरसिंह, वीरभद्र, रावण. प्रत्येक सोंगाची संबळ-पिपाणीवरची चाल निराळी. जाणता माणूस घरात अंथरुणावर पडल्या पडल्या ओळखतो की आता कोण निघालं. आणि शेवटच्या रात्री, उजाडताना, देवी आणि महिषासुराचं युद्ध. म्हैसासुर पडला की बोहाडा संपला. तो पडल्याशिवाय संपत नाही.

मुखवटा चढवला की आतल्या माणसाला फारसं दिसत नाही. बारीक भोकांतून समोरचा उजेड तेवढा कळतो. टेंभेवाला पाठीमागे सरकत सोंगाला पुढे घेतो, आणि सोंग त्या उजेडाच्या मागं पावलं टाकतं. म्हणजे टेंभा शोभेचा नाही. तो नाचणाऱ्याचा डोळा आहे. शिवाय खालून हलणाऱ्या ज्योतीत मुखवट्याच्या भुवया हलतात, ओठ थरथरतात. तेच मुखवटे आम्ही हॅलोजनखाली उभे केले तेव्हा जत्रेतल्या खेळण्यांसारखे दिसायला लागले. हे आमच्या फोटोग्राफरनं पहिल्याच वर्षी बोलून दाखवलं होतं. आम्ही म्हणालो, पण मागच्या रांगेला दिसतंय ना.

आता बोलीविषयी, म्हणजे सोंगांच्या लिलावाविषयी, कारण सगळं प्रकरण तिथंच अडकलेलं आहे. होळी झाली की गावकी बसते. कारभारी एकेका सोंगाचं नाव पुकारतो. काही सोंगं घराण्याची. गणपती अमुक घराचा, देवी तमुक घराची, त्याला बोली नाही. बाकीच्यांवर बोली लागते. मारुती दोनशे एक. तीनशे एक. पाचशे एक. थांबला तो आकडा वहीत चढतो, पुढे नाव. पैसे लगेच मोजायचे नसतात. कुणी टोळीवरून आल्यावर देतं, कुणी भात विकल्यावर, कुणाचे दोन-दोन वर्षं तसेच राहतात आणि कारभारी पुढच्या बोलीला सगळ्यांदेखत ते वाचून दाखवतो. त्या वाचनाला लोक हसतात. ज्याचं नाव वाचलं तोही हसतो, पण पैसे आणून देतो.

आम्ही याला निधीसंकलन समजलो. हीच मोठी चूक. वर्षाची बोली साठ-पासष्ट हजारांपर्यंत जायची आणि त्यातलं बरंचसं उधारीवर. हिशेबाच्या नजरेनं पाहिलं तर फारच ढिसाळ पद्धत. पण पाचशे एकला मारुती घेणाऱ्या माणसाबरोबर त्याचा भाऊ येतो, चुलतभाऊ येतात, मेहुणा येतो. दोघं टेंभे धरणार, एक जण पाठीमागून कमरेचं धोतर ओढून तोल सांभाळणार, एक तेल बघणार. घरातल्या बाया वाजंत्र्यांना चहा देणार. वहीत एक नाव म्हणजे दहा-बारा माणसं तीन रात्री बांधलेली. अशी पंचवीस-तीस नावं. उत्सवाला स्वयंसेवक कसे मिळतात हा प्रश्न त्या गावाला कधी पडलाच नव्हता, आणि स्वयंसेवक हा शब्दही तिथं आम्हीच नेला.

आम्ही काय काय केलं

2020 ला टाळेबंदी होळीनंतर पंधरवड्यात लागली आणि बोहाडा राहिला. 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध, पुन्हा राहिला. दोन वर्षं मुखवटे माळ्यावर पडून. चुलीचा धूर लागला की कीड लागत नाही म्हणून ते माळ्यावर ठेवतात, पण ज्या घरात मुखवटे होते ते कुटुंबच बागेवर अडकलेलं, चूल बंद. उंदरांनी कागदी मुखवट्यांची चाळण केली. 2022 ला गाव उभं राहीना. तेव्हा आम्ही शहरातून पैसे जमवले आणि मुखवटे दुरुस्त करून घेतले. त्याबद्दल गाव आजही चांगलं बोलतं, आणि आम्हालाही त्याचा पस्तावा नाही. (एका उत्साही सदस्यानं चार मुखवट्यांना चकचकीत ऑइलपेंट फासला, त्याचा आहे. नरसिंह अजून दुचाकीच्या टाकीसारखा चमकतो.)

2023 ला आम्ही म्हणालो, लोकांची कंबर मोडलेली आहे, यंदा बोली नको. खर्च आम्ही बघतो. एका देणगीदारानं मोठा चेक दिला, बाकी किरकोळ मिळून दोन लाखांवर गेलं. गावकीनं हो म्हटलं. खळखळ न करता हो म्हटलं, हे आता आठवलं की बोचतं. फुकटच्या पैशाला गरीब गाव नाही कसं म्हणणार? त्या वर्षी बोहाडा दणक्यात झाला. कारण माणसं जुन्या सवयीनं आली होती. आम्हाला वाटलं, आमच्या नियोजनानं आली.

मग एकातून एक निघत गेलं. पाहुणे वाढले म्हणून खुर्च्या. खुर्च्या म्हणून मंडप. मागच्यांना ऐकू येईना म्हणून साउंड. साउंड म्हटलं की पोलीस ठाण्यात अर्ज आला, आणि अर्ज केला की वेळेची मर्यादा आली. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण जिल्ह्याच्या त्या यादीत कुठल्या पाड्यावरचा बोहाडा कशाला असेल? नियमाचं अक्षर पाहिलं तर रात्री उघड्यावर संबळही बसत नाही. पण डोंगरातल्या संबळाची तक्रार करायला शेजार तरी कोण आहे? इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आम्ही विचारायला गेलो. त्यात 2024 ला लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चपासून लागू, नाशिकचं मतदान 20 मे ला. ठाण्यातल्या साहेबांनी दहा म्हणजे दहा असं बजावलं, आणि त्यांचं काही चुकलं नाही.

दहाच्या आत सगळी सोंगं बसवायची म्हणून आम्ही संध्याकाळी सहाला सुरुवात ठेवली. उजेडात गणपती निघाला. प्रत्येक सोंगाला सात मिनिटं. म्हैसासुर साडेनऊला पाडायचं ठरलं. छापील कार्यक्रमपत्रिकेत तसं लिहिलंय, माझ्याकडे एक प्रत आहे.

तारखेचंही तेच. शहरातल्या पाहुण्यांना आधी कळलं पाहिजे म्हणून आम्ही जानेवारीतच एप्रिलचा तिसरा शनिवार जाहीर केला. गावाची रीत वेगळी होती. होळीला सगळ्या टोळ्या येतात, तेव्हा कुणाची छाटणी कुठवर आली, कोण कधी मोकळा होतो हे बघून गावकी तारीख धरते. एप्रिल म्हणजे द्राक्षाची खरड छाटणी. माल निघून गेलेला, वेल खरडून काढायचा, आणि पुढच्या हंगामाची काडी त्यावर अवलंबून. बागायतदाराला चार दिवसही दम नसतो. मुकादमानं उचल दिलेली असते. आम्ही सगळे नाशिकचे, द्राक्षावर वाढलेले, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

आंब्याखालची बैठक

मे महिन्यात गावकीनं आम्हाला बोलावलं. जाताना वाटेत आम्ही ठरवून गेलो होतो की पुढच्या वर्षी टेंभ्यांसाठी मजुरी देऊन माणसं लावायची, प्रश्न मिटला. एका टेंभ्याला रात्रीचे किती, याचा हिशेबही गाडीत झाला होता.

बैठक दुपारी तीनला होती, सुरू झाली साडेपाचला. आधी बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. मग संबळ वाजवणारे बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, ‘‘वहीत नाव नाही. मंग मी कोणाचं सोंग वाजवलं?’’

आम्ही म्हटलं, बाबा, सगळ्या गावाचं.

‘‘गावाचं म्हंजे कोणाचं?’’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. मग एक तरुण बोलला, मोहाडीकडच्या बागेत टोळीवर असलेला. तो जे बोलला ते मी त्याच रात्री लिहून काढलं. त्याचं म्हणणं असं: मुकादमाला ‘सोंग घेतलंय’ सांगितलं की तो दोन दिवस सोडतो. कुरकुरतो, पण सोडतो. तोही आपल्यातलाच, त्याला माहीत आहे की सोंग घेतलेला माणूस गेला नाही तर घराला लागतं. ‘नाशिकच्या सरांचा कार्यक्रम आहे’ सांगितलं तर म्हणतो, मग सरांना सांग छाटायला ये.

सगळे हसले. आम्हीही हसलो, थोडं उशिरा.

एक मावशी मागून म्हणाली, पाहुण्याला खुर्ची आणि माझी लेक सासरहून चालत आली ती भिंतीपाशी उभी. दुसरीनं पाण्याचं काढलं. पाहुण्यांसाठी जे तात्पुरते संडास केले त्यांना तीन दिवस पाणी कुणी भरलं? आम्ही टँकर सांगितला होता. टँकर आला होता, पण वर वाडीपर्यंत चढत नव्हता. खालून हंडे बायांनीच आणले. आमच्या हिशेबात ‘पाणी: टँकर 1’ असं आहे आणि ते खोटं नाही.

सगळे आमच्या विरोधात होते असंही नव्हे. निवेदन करणारा मुलगा, हरसूलला कॉलेजात जाणारा, ताडकन उठला. सर आले नसते तर मुखवटे उंदरांच्या पोटात गेले असते, म्हणाला. बोली परत आणली की पुन्हा तीच चार घरं सोंगं घेणार, आमच्या घरानं वीस वर्षांत एक सोंग घेतलेलं नाही. त्याचं खरं होतं. बोलीच्या गोडव्यात हे विसरायला होतं: ज्याच्याकडे पाचशे एक नाहीत तो वहीत नाही. यावर म्हातारे गप्प बसले. मग कारभारी म्हणाला, तुझ्या आज्यानं घेतलं होतं वीरभद्र, पायलीभर नागलीवर. तेव्हापासून ते सोंगच कुणी मागितलं नाही. चर्चा तिथून वळली.

मजुरीचा आमचा प्रस्ताव आम्ही मांडलाच नाही.

2025

ठरलं ते थोडक्यात सांगतो. तारीख होळीला गावकी धरणार. मंडप, खुर्च्या, साउंड बंद. बोली परत, पण रोख नसेल तर धान्यावर किंवा कामावरही बोलायचं. आमचे पैसे फक्त मुखवट्यांच्या साहित्याला, तेही गावानं मागितले तर. पाहुण्यानं कुठल्यातरी घरचं म्हणून यायचं, येताना शिधा आणायचा, त्या घराच्या पंगतीला बसायचं.

आर्किटेक्टबाईंनी एक चांगली गोष्ट केली. हा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. 1996 च्या पेसा कायद्यानं अशा गावातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार दिलेला आहे. त्या कलमाचा दाखला देऊन बोहाड्याचा ठराव ग्रामसभेच्या वहीत चढवला. ठरावानं ध्वनीचा नियम बदलत नाही, हे आम्ही गावाला स्पष्ट सांगितलं. पण ठाण्यात या वेळी आमचं लेटरहेड न जाता ग्रामसभेचा कागद गेला, आणि बोलणी कारभाऱ्यानं केली. माइक नाही म्हटल्यावर फार प्रश्न आले नाहीत. बंदोबस्तावरचे दोघे मध्यरात्री येऊन चहा पिऊन गेले. त्यांतल्या एकानं विचारलं, म्हैसासुराला किती वाजतील? तो सुरगाण्याचा निघाला.

बोहाडा अक्षय्य तृतीयेला धरून झाला. शेवटची रात्र मंगळवारची, 29 एप्रिल. आडवार, त्यामुळे शहरातले फारसे फिरकले नाहीत. आदल्या वर्षीच्या देणगीदाराचा फोन आला, नाराज होता, पुढे त्यानं काही दिलं नाही. बोली जुन्या आकड्यांच्या निम्म्यावर आली. दोन सोंगं कुणी घेतलीच नाहीत, त्राटिका त्यातली एक, आणि ती निघाली नाही. कामावर लावलेल्या बोल्या वहीत कशा लिहायच्या यावरून दोनदा भांडण झालं. एका मुलीनं स्वतःच्या नावावर मोहिनी मागितली. गावकीनं बरीच कुजबुज करून नाव वहीत घातलं, पण नाचला तिचा भाऊ. ती टेंभा धरून पुढे होती. पुढच्या वर्षी काय, हे कुणी बोलत नाही.

निवेदन करणाऱ्या त्या मुलानं वीरभद्र घेतलं. चार पायली नागलीवर. संबळवाल्या बाबांना ती चाल वाजवून इतकी वर्षं झाली होती की दुपारी घराच्या मागं बसून ते ती आठवत होते, बोटानं मांडीवर.

आम्हालाही बोलीला बसू दिलं होतं. सोंगावर बोलायचं नाही, एवढं आधीच सांगितलेलं. शेवटी कारभाऱ्यानं टेंभ्यांचं तेल पुकारलं, तीन रात्रींचं. काकांनी पाचशे एक लावले. मागून एका पोरानं सहाशे एक. काका हजार एकवर गेले आणि आमच्याकडे वळून हसले. पोरानं अकराशे एक म्हटलं तेव्हा काकांनी पुन्हा तोंड उघडलं, आणि शेजारी बसलेल्या बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. नुसता ठेवला. काका गप्प झाले.

तेल त्या पोराच्या नावावर गेलं. तो मोहाडीच्या बागेत असतो. पैसे छाटणीचा हिशेब झाल्यावर देणार असं वहीत आहे.